एकविसातले सात

"चौदा," मी म्हणाले. "काल चौदा होते, आजही चौदाच आहेत. फॉर्म काय अंडी घालतात का सर, रातोरात वाढायला?"

खिडकीपलीकडे आत्तार सर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत जुनी रेक्झिनची बॅग. त्यांनी चेहरा असा केला, की जणू मी भलत्याच विषयावर बोलतेय.

"मी फॉर्मचं विचारायला आलोच नव्हतो. खडू हवे होते."

"कालच पेटी नेलीत."

"संपली."

"अजून तास सुरू व्हायचेत. खडू खाल्लेत की काय?"

शेजारच्या टेबलावरची आम्रपाली खुदकन हसली. सर हसले नाहीत. मी दिलेली पेटी त्यांनी बॅगेत ठेवली, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"त्या चौदात काल संध्याकाळी आलेले दोन धरलेत ना?"

"धरलेत."

"बरं," म्हणाले आणि गेले.

"मॅडम, किती क्यूट आहेत ना सर," आम्रपाली म्हणाली. ती सहा महिन्यांपूर्वीच ऑफिसात लागली होती. तिला सगळंच क्यूट वाटतं, अगदी विद्यापीठाचं परिपत्रकसुद्धा. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती कामाला लागली.

आमचं कॉलेज सदाशिव पेठेत. मी तिथे ज्येष्ठ लिपिक, प्रवेश आणि विषय-नोंदणीची खिडकी माझी. नंदा रणपिसे म्हटलं की पोरं शहाण्यासारखी रांगेत उभी राहतात. उगाच नाही राहत. पंचवीस वर्षांत मी ती तशी करून घेतली आहेत.

आत्तार सर शिकवायचे व्यापारी कायदा. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पोरं त्याला एम लॉ म्हणतात. करार म्हणजे काय, तो कधी होतो, कधी मोडतो, माल विकताना विकणाऱ्यानं काय सांगायला हवं, भागीदारीत कोण कशाला जबाबदार, असं सगळं. पूर्वी हा विषय सगळ्यांना असायचा. एकेका तुकडीत एकशेवीस पोरं, तीन तुकड्या, आणि तिन्हींवर आत्तार सर. मग अभ्यासक्रम बदलला आणि यंदापासून विषय ऐच्छिक झाला. समोर दुसरा पर्याय डिजिटल मार्केटिंग. आता तुम्हीच सांगा, वीस वर्षांचं पोर काय घेईल? मोबाइलवर जाहिराती करणं, की अठराशे बहात्तरचा कायदा?

कॉलेजचा नियम असा, की ऐच्छिक विषयाला किमान वीस विद्यार्थी हवेत. एकोणीस झाले तरी विषय बंद. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. सर येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. विषय सुरू झाला तर शेवटचं वर्ष ते आपला विषय शिकवून घरी जाणार. नाही झाला तर वर्षभर परीक्षा विभागात बसून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजणार. आणि एकदा बंद पडलेला विषय त्यांच्यामागे पुन्हा कोण काढतंय?

डिजिटलवाले मास्तर फाटकाशी उभे राहून पोरांना पत्रकं वाटत होते. मी सरांना म्हटलं, "तुम्हीही जरा उभे राहा की. नाही पत्रक, तर निदान हसा तरी पोरांकडे बघून."

"विषयाची माहिती फलकावर लावलीये," सर म्हणाले. "ज्यांना हवाय ते येतील."

"फलक कोण वाचतं हो आता?"

"चौदा जणांनी वाचला."

असा हा माणूस. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. मला त्यांचा राग यायचा आणि जीवही तुटायचा.

जीव तुटायचं कारण आहे. मी याच कॉलेजात शिकले. लोणी काळभोरहून यायचे, शहाण्णव साली. आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिली मी. सकाळी सात वीसचा तास, म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. आई आदल्या रात्रीची भाकरी बांधून द्यायची, पण ती मी बसमध्येच संपवायचे, कारण वर्गातल्या मुलींसमोर डबा उघडायची लाज वाटायची. त्या सगळ्या पेठांतल्या. त्यांचं बोलणं छापल्यासारखं. मी तोंड उघडलं की 'हाय', 'न्हाई' बाहेर पडायचं, म्हणून मी तोंडच उघडत नसे. दोन वर्षं मी कॉलेजात हजेरीपुरतंच बोलले असेन.

तिसऱ्या वर्षी पहिल्याच दिवशी आत्तार सर वर्गात आले. तिशीचे असतील तेव्हा. पुस्तक उघडलंच नाही. बॅगेतून स्वतःचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"हा डबा मी विकायला काढलाय," म्हणाले. "यात चार चपात्या, चुक्याची भाजी आणि वाटीभर शेवयांची खीर आहे. बायकोनं पहाटे उठून केलंय, त्यामुळे माल ताजा आहे. बोला, कुणाला हवाय?"

वर्गात हशा पिकला. एकजण म्हणाला, निम्म्या चपात्या द्या. सरांनी फळ्यावर लिहिलं, की हा स्वीकार नाही, नवा प्रस्ताव आहे. दुसरा म्हणाला, उद्या विचार करून सांगतो. सर म्हणाले, उद्यापर्यंत खीर टिकणार नाही. तिसरा नुसताच मान डोलवत बसला. तर म्हणाले, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे लग्नाआधी नीट शिकून ठेवा. आणि मला, देवाशप्पथ सांगते, भूक लागली होती. मागच्या बाकावरून माझ्या तोंडून निघून गेलं, "मला मंजूर हाय, सर."

अख्खा वर्ग फिस्सकन हसला. मला वाटलं, धरणी दुभंगावी. सर थांबले. वर्ग गप्प होईपर्यंत थांबले.

"यांनी माझा प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारला," म्हणाले. "एका शब्दाचाही फेरफार न करता. एवढ्या शंभर-सव्वाशे जणांत करार करता आला तो यांना एकट्यांना. आता मोबदला. मोबदला पैशातच हवा असं कायदा म्हणत नाही. बाई, तुम्ही उद्या इथे पुढे येऊन, आज काय झालं ते वर्गाला समजावून सांगायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

आणि त्यांनी डबा खरंच मला दिला. मला वाटलं, गंमत असेल. तास संपल्यावर परत द्यायला गेले तर म्हणाले, "विकलेला माल मी परत घेत नाही. डबा तेवढा उद्या घासून आणा." त्या दिवशी ते दुपारपर्यंत चहावर राहिले, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी मी फळ्याजवळ उभी राहिले. दहा मिनिटं बोलले, दहादा 'हाय' म्हणाले, आणि कुणीही हसलं नाही. त्यानंतर आयुष्यात मी कधी गप्प बसलेली नाही. आमच्या ऑफिसात विचारा हवं तर.

सर विद्यार्थ्यांनासुद्धा 'अहो-जाहो' करायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, करार करण्याच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे कसं करणार? कसबा पेठेत त्यांच्या वडिलांचं कुलूप दुरुस्तीचं दुकान होतं, वीतभर. अख्खी पेठ घराच्या किल्ल्या तिथे ठेवून जायची. सर सांगायचे, मी कायदा कॉलेजात नंतर शिकलो, आधी त्या दुकानात शिकलो.

तर अशा माणसाला मी शेवटच्या वर्षी गठ्ठे मोजायला बसू देणार होते होय?

शुक्रवारी दुपारपासून खिडकीवर गर्दी उसळली. शेवटच्या क्षणी येणारी पोरं असतातच. विषयाचा रकाना कोरा, आणि "मॅडम, काय घेऊ?" असं मलाच विचारणार. मी कोण लागून गेले? पण विचारलंच तर सांगायला माझी जीभ काही कुणाकडे गहाण नव्हती.

पहिली आली ती अवनी नावाची मुलगी. कानात इअरफोनच्या गोळ्या घातलेल्या, नजर मोबाइलवर. "मॅडम, डिजिटल लिहिते हं."

"डिजिटल भरलं," मी म्हणाले.

खरं तर तीस जागा शिल्लक होत्या. माझ्या टेबलावरच्या कागदावरच लिहिलं होतं, तीस.

"ओह नो! मग?"

"एम लॉ घे. आत्तार सर आहेत. इंटर्नलला वीसपैकी वीस देतात. नापास तर कुणालाच करत नाहीत."

हे तर धादांत खोटं. सरांनी तेहेतीस वर्षांत इंटर्नलला कुणाला वीस दिलेत? मला सोळा दिले होते, आणि त्या सोळांची मी अजून शेखी मिरवते.

अवनीनं फॉर्मवर लिहिलं, सही केली आणि निघून गेली. आम्रपाली माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती. "मॅडम, तुम्ही चक्क..."

"तू तुझं काम कर."

एकदा जीभ सरावली की अडत नाही. पुढच्या सहा जणांना सांगताना मला विचारही करावा लागला नाही. कुणाला जागा संपल्या म्हणून सांगितलं, कुणाला मार्कांचं, एकाला तर म्हणाले की बँकेच्या परीक्षेत सगळं एम लॉच विचारतात. शनिवारी दुपारी बारा वाजता माझ्या फायलीत एकवीस फॉर्म होते. मला इतका आनंद झाला, की मी आम्रपालीला स्वतःच्या हातानं चहा करून दिला.

सर बाराला आले. या वेळी डस्टर हवं होतं.

"एकवीस," मी म्हणाले.

त्यांना आधी कळलंच नाही. मग बॅग त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर टेकवली. "एकवीस? नीट मोजलेत?"

"तुम्हीच मोजा."

त्यांनी खरंच मोजले. एकेका फॉर्मवरचं नाव हलक्या आवाजात वाचत मोजले. मोजून झाल्यावर चष्मा काढून पुसला. "मला वाटलं नव्हतं हो," म्हणाले. "सिताराला कालच सांगून ठेवलं होतं, की यंदा काही खरं नाही." सिताराभाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. तासाभरानं सर परत आले ते गरम पॅटिसचा पुडा घेऊन. अख्ख्या ऑफिसला दोन-दोन. तेहेतीस वर्षांत या माणसानं ऑफिसला काही खायला घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी तीन खाल्ले. मन जराही खात नव्हतं, उगाच खोटं कशाला सांगू? आपण काय कुणाचा गळा कापलाय, सात पोरांना चांगला मास्तर मिळवून दिलाय, असंच वाटत होतं.

सोमवारी दहा वाजता त्यांचा पहिला तास होता, नऊ नंबरच्या वर्गात. सर नवा शर्ट घालून आले होते. जिना चढताना माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला.

दहा वाजून बारा मिनिटांनी ते पुन्हा खिडकीपाशी उभे होते.

"काय हो, खडू विसरलात?" मी हसत विचारलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि ओळखलं, यांना कळलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

"नंदाताई," ते म्हणाले, "दरवर्षी मी पहिल्या तासाला विचारतो, की तुम्ही इथे का आलात. आजही विचारलं. एक मुलगी म्हणाली, तुम्ही इंटर्नलला पैकीच्या पैकी देता असं ऑफिसातल्या मॅडमनी सांगितलं. तिच्यामागे दोघं म्हणाले, डिजिटलच्या जागा संपल्यात म्हणून आलो. जागा संपल्यात का?"

मी गप्प. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, असं यांनीच शिकवलं होतं. पण त्या क्षणी तो होकारच होता.

"किती जणांना सांगितलंत?"

"सात."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. चौदा आणि सात एकवीस, हा हिशेब करायला त्यांना वेळ लागला नसणार.

"सर, आता बसलीत ना पोरं वर्गात," मी खिडकीतून पुढे झुकून म्हणाले. "महिन्याभरात तीच म्हणतील, बरं झालं हा विषय घेतला. मी नव्हते का म्हणाले? तुम्ही फक्त शिकवा. तुम्ही कुणाला खोटं सांगितलंय? सांगितलं ते मी. पाप माझ्या डोक्यावर."

"सांगितलंत तुम्ही. फायदा कुणाचा झाला?"

मी टेबलावरचे फॉर्म उगाच सारखे केले.

"दहा मिनिटांपूर्वी मला माहीत नव्हतं, तोवर ठीक होतं. आता कळलंय. कळूनही मी गप्प राहून शिकवत राहिलो, तर ते शब्द माझेच झाले. तसंच शिकवतो ना मी? नोव्हेंबरात त्यांना मुक्त संमती शिकवायची वेळ येईल. फसवून घेतलेला होकार हा होकार नव्हे, हे मी कुठल्या तोंडानं सांगू, नंदाताई?"

'अहो-जाहो' त्यांनी सोडलं नाही. एक सणसणीत शिवी दिली असती तर मला परवडलं असतं.

"मग काय, सात फॉर्म फाडू?" माझा आवाज चढला. रडू आलं की माझा आवाज चढतो. "फाडते! आणि बसा वर्षभर गठ्ठे बांधत! मला काय करायचंय!"

"फाडायचे नाहीत," सर शांतपणे म्हणाले. "करार रद्द करायचा की ठेवायचा, हा हक्क फसवलेल्याचा. तुमचा नाही, माझाही नाही. तुम्ही वर्गात चला. त्यांना खरं काय ते सांगा. मग ते ठरवतील."

"मी? वर्गात?"

"दुसरं कोण सांगणार?"

मी म्हटलं, प्राचार्यांना भेटू, दोनचार कमी पडले तर चालवून घ्या म्हणू. सर म्हणाले, गेल्या वर्षी सहकार हा विषय एकोणीसवर बंद झाला, तेव्हा त्या कागदावर सही करणाऱ्या समितीत मी होतो. मी उठले. विषय-बदलाचे सात कोरे फॉर्म घेतले, आम्रपालीला खिडकी सांभाळायला सांगितली आणि त्यांच्यामागून जिना चढले.

वर्गात एकवीस जण होते. मधल्या तीन रांगांत विखुरलेले. मी पुढे उभी राहिले. खिडकीतून दरडावणं वेगळं आणि असं समोर उभं राहणं वेगळं.

"मी रणपिसे, ऑफिसातून," मी म्हणाले. "तुमच्यातल्या सात जणांना मी खोटं सांगितलं. डिजिटलच्या जागा भरल्या नव्हत्या. अजून पंचवीस आहेत. आणि हे सर मार्क वाटत नाहीत. उलट हात आखडताच आहे त्यांचा. बँकेच्या परीक्षेचंही मी ठोकून दिलं होतं. आत्तार सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्यांना विषय बदलायचाय, त्यांनी माझ्याकडून फॉर्म घ्या. कुणी काही बोलणार नाही तुम्हाला."

एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. पण राहवेना. "वीसच्या खाली गेलं तर..."

"नंदाताई," सर मागून म्हणाले. नुसतं नाव घेतलं. मी वाक्य गिळलं. तेही दडपणच झालं असतं म्हणा, त्यांच्या कायद्यानं.

सातांपैकी एक गेला तरी चालणार होतं. दोन गेले की संपलं. मी मनातल्या मनात अवनीकडे बघून म्हणत होते, बैस गं बाई, बैस. चांगला मास्तर आहे, तुला कळत नाहीये. ती उठली. बॅग खांद्याला लावून पुढे आली.

"सॉरी सर," ती म्हणाली. "तुम्ही छान शिकवत असाल, पण मला खरंच डिजिटल हवं होतं."

"सॉरी कशाला?" सर म्हणाले. "हवं तेच घ्या. फॉर्म लगेच भरून द्या, जागा जातील."

तिच्या मागून दुसरा उठला. मग बाकांचा आवाज झाला आणि तिघं एकदम आले. मी एकेकाच्या हातात फॉर्म देत गेले. पाच गेले. दोघं बसून राहिले. त्यातला एक म्हणाला, "आलोच आहे, तर बसतो." माझ्या हातात दोन फॉर्म उरले आणि वर्गात सोळा जण.

सोळा. विषय बंद झाला होता. सरांना कळलं होतं, मला कळलं होतं. पोरांना अजून कळायचं होतं. सरांनीच सांगितलं, तसं मोजक्या शब्दांत. वीसची अट आहे, आपण सोळा आहोत, तेव्हा हा विषय यंदा चालणार नाही. तुम्हा सगळ्यांना दुसरा विषय निवडावा लागेल.

मधल्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. फैझल. चौदातला पहिला फॉर्म त्याचाच होता, मला आठवत होतं. मामाच्या सुट्या भागांच्या दुकानात संध्याकाळी बसतो, असं त्यानंच तेव्हा खिडकीत सांगितलं होतं.

"सर, एक विचारू? त्यांना फसवलं, त्यांना चॉइस दिलीत, ओके. पण आम्ही चौदा जण तर स्वतःहून आलो होतो. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला हाच विषय हवा होता. मग आमचं काय? आमची काय चूक?"

मी सरांकडे बघितलं. या माणसाला प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. कुठलं तरी कलम निघेल, इंग्लंडातला कुठला तरी जुना खटला निघेल, असं मला वाटत होतं. मला ते हवंच होतं. पण टेबलावरचा हात सरांनी उचलला, पुन्हा ठेवला.

"तुमची काही चूक नाही," शेवटी ते म्हणाले. "तुमचं नुकसान झालंय. मी गप्प राहिलो असतो तर ते झालं नसतं. हे उघड आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही." आणि त्यांनी हात जोडले. "तुमच्या चौदा जणांची मी माफी मागतो."

साठीला आलेला माणूस, नवा शर्ट, आणि विशीतल्या पोरांसमोर जोडलेले हात. मला तिथे उभं राहवेना. माझ्या एका जिभेपायी हे झालं होतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. पोरं बावरली. मास्तरांनी हात जोडले की काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंय? कुणी उभं राहिलं, कुणी बसल्या बसल्या हात जोडले, एक मुलगी खाली बघत राहिली.

फैझलनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"सर, तास संपायला सतरा मिनिटं आहेत."

"हो," सर म्हणाले.

"मग शिकवा ना. सुरुवातीचं तरी."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. बॅगेतून पेटी काढली, पेटीतून खडू काढला आणि फळ्याकडे वळले. कलम दोन, असं वर लिहिलं, आणि त्याखाली प्रस्तावाची व्याख्या. अक्षर तेच, ओळीत बसवलेलं. मग वळून बोलायला लागले.

मी निघायला हवं होतं. खिडकीवर रांग लागली असणार, आम्रपालीची त्रेधा उडाली असणार. पण गेलेल्या पाच जणांमुळे मधला एक बाक रिकामा झाला होता, त्यावर मी बसले. वही नव्हती. हातातले दोन फॉर्म उलटे केले आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागले. आता हात पूर्वीसारखा चालत नाही. सर बोलत होते, फळा भरत होता, आणि मी अर्ध्यावर असतानाच पुढची ओळ येत होती.

घंटा झाली. बाहेर पुढच्या तासाची पोरं दाराशी जमली, त्यांचा गलका ऐकू यायला लागला. सोळा जण उठले, सरांना नमस्कार करून एकेक करत गेले. सरांनी डस्टर उचललं. फळ्याकडे वळताना त्यांची नजर माझ्यावर गेली. माझी शेवटची ओळ अर्धीच राहिली होती.

ते थांबले. दारातून पोरं आत डोकावत होती, एक मास्तर लॅपटॉप घेऊन उभे होते. सर डस्टर हातात धरून बाजूला उभे राहिले. मी ओळ पूर्ण लिहिली, खाली रेघ मारली आणि मान वर केली.

मग त्यांनी फळा पुसला.